बोट दर्यात असताना

वय झालं की माणसाचा राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही. मी तो मीठ लावून, उन्हात वाळवून, सुक्या बोंबलासारखा डब्यात भरून ठेवला, आणि आजही झाकण उघडलं की घरभर वास सुटतो. लेक म्हणते, आई, किती वर्षं झाली, सोड आता. तिला म्हटलं, तू तुझं सोड, माझं मला राहू दे. हे प्रकरण त्या रागाचं आहे. मी त्यात चांगली दिसणार नाही, ते आधीच सांगून टाकते.

पनवेलच्या कोळीवाड्यात, खाडीच्या अंगाला आमच्या दोन खोल्या होत्या. बाबा करंजाच्या जेट्टीवरून सुटणाऱ्या एका मोठ्या बोटीचे तांडेल होते, म्हणजे बोट आणि तिच्यावरची सात माणसं त्यांच्या शब्दावर चालत. बर्फ, डिझेल, तांदूळ भरून निघाले की आठ-दहा दिवस त्यांचा पत्ता नसे. तेव्हा साधे बटणांचे मोबाइल आले होते, पण किनारा मागे पडला की त्यांचाही उपयोग संपायचा. आई पनवेलच्या मासळी बाजारात बसायची. आणि आमच्या घरात एक नियम होता, जो कोणी कधी शिकवला नाही आणि कोणी कधी मोडला नाही. बोट दर्यात असताना तिच्याबद्दल नक्की असं काही बोलायचं नाही. कुठे आहे विचारलं तर ‘दर्याव’. कधी येईल विचारलं तर ‘येल तवा’. ‘भरून येईल’, ‘उद्या येईल’ हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत, कारण आपण नक्की म्हटलं की दर्या ते ऐकतो आणि त्याला स्वतःचा मान आठवतो. एकदा शेजारच्या काकूंनी सहज म्हटलं, उद्या भाऊजी येतीलच की नक्की. आईनं भांडण केलं नाही. हातातली कोयती खाली ठेवली, मूठभर मीठ काकूंच्या हातावर दिलं आणि ते त्यांनाच आमच्या चुलीत टाकायला लावलं. मीठ तडतडलं, बोललेलं फिरलं, मग चहा झाला.

बोलायचं नाही म्हणजे कळायचं नाही असं मात्र नव्हतं. आईच्या हाताकडे बघितलं की सगळं कळायचं. पहिले चार-पाच दिवस ती आम्हा दोघींपुरत्या भाकऱ्या थापायची, सोबत सुकट भाजून किंवा जवळ्याची चटणी. सहाव्या-सातव्या दिवशी तांदळाचं पीठ जरा जास्त मळलं जायचं, आणि उरलेली भाकरी ती काही न बोलता शेजारी द्यायची. आठव्या दिवशी चिंच भिजायची. नवव्या-दहाव्या दिवशी सकाळी पाट्यावर ओलं खोबरं, लसूण आणि लाल मिरची वाटायला घेतली की समजायचं, आईला आज आशा आहे. वरवंट्याचा तो घरघरता आवाज आमच्या भिंतीपलीकडे जायचा आणि शेजारीही काय ते समजायचे. पण वाटलेला मसाला तेलात पडायचा नाही. तो बाबांनी दारात पाय धुतल्यावर. आता मिक्सरमध्ये सगळं अर्ध्या मिनिटात होतं, वरून नव्या विमानतळाची विमानं जात असतात, आणि माझ्या स्वयंपाकघरातून कुणाला काही कळत नाही.

अशा घरातली मी स्पॅनिश शिकायला गेले ती आईमुळे. तळोज्याच्या एका मासळीच्या कारखान्यातून माकूल, म्हणजे इंग्रजीतलं स्क्विड, गोठवून स्पेनला जायचं, आणि तिथल्या ऑफिसात स्पॅनिश येणारी मुलगी हवी, अशी चिठ्ठी बाजारात फिरत होती. मी बारावी होऊन कॉलेजात नावाला जात होते. आई म्हणाली, मासली त्यांच्या देशान जाते, मंग पोरीनी त्यांची भास शिकली तं काय बिघरला? नवीन पनवेलला तिसऱ्या मजल्यावर एक क्लास होता. चालवणाऱ्या बाई नवऱ्याच्या नोकरीपायी चार वर्षं स्पेनमध्ये राहून आलेल्या. त्यांना मॅडम म्हटलेलं चालत नसे, सेन्योरा म्हणावं लागे. कॉटनची इस्त्रीची साडी, काचेच्या कपाटात स्पेनचे पंखे आणि चिनी मातीचे बैल, आणि आम्ही बाराजण सतरंजीवर. बाकीचे सगळे बँकवाल्यांचे, कंपनीवाल्यांचे मुलगे-मुली. पहिल्याच दिवशी सेन्योरांनी माझं नाव, गाव, आई काय करते ते विचारलं आणि गोड हसून म्हणाल्या, जयवंती, तू बाल्कनीपाशी बस हं, हवा खेळती राहते. मी सकाळी दोनदा साबण लावून आले होते. पुढे सात महिने मी बाल्कनीपाशीच बसले.

तरी ती भाषा मला आवडली, आणि विशेष म्हणजे ज्या धड्याला बाकीचे कंटाळले तोच मला सगळ्यांत आवडला. सेन्योरांनी फळ्यावर एक शिडी काढली. काय होईल, काय असेल, हे सांगताना स्पॅनिश माणूस कुठल्या पायरीवर उभा आहे ते त्याच्या शब्दावरून कळतं, असं त्या म्हणाल्या. खाली ‘किसास’, म्हणजे कदाचित. त्याच्याजवळ ‘आ लो मेखोर’, म्हणजे असेलही, काय सांगावं. वर ‘सेगुरामेंते’, जो दिसायला ‘नक्की’सारखा, पण ते लोक बोलताना त्यातही थोडी जागा मोकळी ठेवतात, बहुतेक एवढाच त्याचा अर्थ. अगदी वरती ‘सेगुरो’, तिथे मात्र शंका नाही. बाजूची मुलगी जांभया देत होती, आणि मला त्या शिडीवर आईच दिसत होती, खाली सुकट, मध्ये भिजलेली चिंच, वर पाट्यावरचा मसाला. सगळ्यांत वरच्या पायरीवर आमच्या घरातलं कोणी कधी चढत नव्हतं. एवढ्या लांबच्या लोकांनी आमच्यासारखी भाषा करून ठेवली आहे याचं मला फार नवल वाटलं होतं.

पुढच्या तासाला सराव होता. प्रत्येकाला सेन्योरा विचारायच्या, तुझे वडील आत्ता कुठे आहेत, आणि अंदाज सांगायचा. बहुतेक ऑफिसात असतील, कदाचित गाडीत असतील, अशी उत्तरं चालली होती. माझी पाळी आली तेव्हा बाबांना दर्यावर जाऊन सहा दिवस झाले होते. मी म्हटलं, समुद्रावर. समुद्रावर कुठे? माहीत नाही. कधी येतील? माहीत नाही. अंदाज सांग, सेन्योरा म्हणाल्या, धडाच अंदाजाचा आहे. मला शब्द सगळे येत होते. पण बोट बाहेर होती, आणि मी गप्प राहिले. त्यांनी खडू खाली ठेवला आणि मराठीत म्हणाल्या, “बाप कुठे आहे हे हिला माहीत नाही. बरं, आपण अंदाज करू. आ लो मेखोर एस्ता एन एल बार. असेल एखाद्या बारमध्ये. म्हणा सगळे.” सगळे म्हणाले. बाराजणांचा वर्ग, त्यातले अकरा. मग त्या माझ्याकडे वळल्या. “तूसुद्धा म्हण. उच्चार नीट होऊ दे.”

आणि मी म्हटलं. हे लिहिताना आजही माझे कान गरम होतात. उठून निघून जायचं होतं, ते नाही सुचलं. एकोणीस वर्षांची मी, बाल्कनीपाशी बसून, दर्यात असलेल्या बापाला बारमध्ये बसवून मोकळी झाले. सेन्योरा म्हणाल्या, छान, ‘खोता’चा, म्हणजे त्यांच्या त्या घशातल्या ‘ख’चा, उच्चार सुधारला. दोन दिवसांनी बाबा आले. हाताला दोरांचे वळ, डोळे मिठानं लाल. आईनं मसाला तेलात टाकला, सुरमईचं डोकं माझ्या ताटात घातलं. बाबा दारूला शिवत नव्हते असं नाही, होळीला आणि नारळी पौर्णिमेला घ्यायचे. पण बोट त्यांच्या शब्दावर असताना कधी नाही. त्यांनी विचारलं, कवरी भास आली? मी म्हटलं, बरीच आली. त्या जेवणात मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. क्लास मात्र सोडला नाही. मला त्या बाईच्या समोर बसून राहायचं होतं, संधी येईपर्यंत.

संधी नवरात्र संपल्यावर आली. तळोज्याच्या शेठकडे स्पेनचं मोठं गिऱ्हाईक आलं होतं, सेन्योर रामोन म्हणून, आठवडाभर मुंबईत मुक्काम. त्याला गोठवलेल्या पेट्या पाहायच्या नव्हत्या, माकूल बोटीतून उतरताना पाहायचं होतं. त्यासाठी त्यानं एक दिवस मोकळा ठेवला होता. मध्ये बोलायला आणि दिवस ठरवायला शेठनं सेन्योरांना नेमलं. हे जमलं तर कारखान्याचा सगळा पत्रव्यवहार आणि ऑफिसातल्या लोकांचा स्पॅनिशचा वर्ग त्यांच्याकडे येणार होता. मग दारावर लावायच्या नव्या पाटीचा मजकूरसुद्धा त्यांनी आम्हाला वाचून दाखवला होता. मंगळवारी तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. सात महिन्यांत पहिल्यांदा खुर्ची दिली. तुझे वडील तांडेल आहेत ना, त्यांच्याच बोटीवरचं माकूल पाहुण्यांना दाखवू, शेठ म्हणतात त्यांना चांगलं मिळतं. कधी येते त्यांची बोट?

बाबा रविवारी निघाले होते. दहा दिवसांचा बर्फ भरून. ते एवढ्यात येत नाहीत हे कोळीवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण सेन्योरांना वाटत होतं, मासे मारायला जाणारी माणसं सकाळी जातात आणि संध्याकाळी येतात, ऑफिसासारखी. सात महिन्यांत त्यांनी मला बाबांबद्दल जे विचारलं ते फक्त वर्गाला हसवायला. मी खुर्चीवर नीट टेकून बसले आणि म्हटलं, “गुरुवारी सकाळी नऊ वाजता. बोट भरून माकूल. नक्की, सेन्योरा.”

जन्मात पहिल्यांदा मी दर्याबद्दल नक्की म्हटलं होतं. जिना मी दोन-दोन पायऱ्या गाळत उतरले. घरी आले. आई बाजारातून यायची होती. चुलीत निखारे होते आणि बाजूला मिठाची बरणी. मूठभर मीठ टाकलं असतं की बोललेलं फिरलं असतं, असं मी लहानपणापासून मानत आले होते. मी बरणीचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. कारण फिरलं असतं तर सगळंच फिरलं असतं, आणि मला ते फिरवायचं नव्हतं. त्या बाईला जेट्टीवर उभं करायचं होतं.

गुरुवारी त्यांनी बोट ओळखायला म्हणून मलाही गाडीत घेतलं. करंजाच्या जेट्टीवर आश्विनातलं ऊन, सुकत घातलेल्या वाकट्या, बर्फाचे हौदे, आरडाओरड. सेन्योरा मोतिया साडी आणि उंच टाचांच्या चपला घालून आल्या होत्या. सेन्योर रामोन साठीचा, रापलेला, जाड बोटांचा माणूस. शेठ छत्री धरून. नऊ वाजले, दहा वाजले. बोटी येत होत्या, बोंबील उतरत होता, वाकटी उतरत होती, बाबांची बोट काही येत नव्हती, येणारच नव्हती. दर अर्ध्या तासानं सेन्योरा पाहुण्याला सांगत, सेगुरो, सेगुरो, शंकाच नाही. अकराच्या सुमाराला त्याने हळूच काहीतरी म्हटलं, ते मला समजलं. तो म्हणाला, माझा बापही मासेमार होता, आमच्याकडे बोटीबद्दल असं कोणी बोलत नाही. सेन्योरांनी हसून मान हलवली. पण तसं मुळात मी बोलले होते.

साडेबाराला शेठचा धीर सुटला. त्यानं जवळच्या एका खलाशाला विचारलं, आणि खलाशी हसायलाच लागला. म्हणाला, तांडेल रविवारी गेलाय, दा दिसाचा बरफ घेवन, त्यो आज कुठला येतय? शेठनं सेन्योरांकडे पाहिलं. बाई, तुम्ही एवढंही विचारलं नाहीत? सेन्योरा माझ्यावर धावून आल्या, सगळ्या जेट्टीदेखत. “तू नक्की म्हणाली होतीस. कुठे आहे तुझा बाप?”

मी वाट पाहिली. पाहुणा आमच्याकडे बघेपर्यंत थांबले. मग एकेक शब्द सुटा करून, ‘खोता’चा उच्चार नीट काढून म्हटलं, “आ लो मेखोर एस्ता एन एल बार, सेन्योरा. तुम्हीच शिकवलंत.” सेन्योर रामोनला कळेना, त्याने मला विचारलं, हे काय? मी त्याला त्याच्या भाषेत सांगितलं की बाबा समुद्रावर असताना बाईंनी सगळ्या वर्गाकडून आणि माझ्याकडून हे म्हणवून घेतलं. शेठला मराठीत सांगितलं. आजूबाजूच्या कोळणी टोपल्या भरता भरता थांबल्या होत्या, त्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. पाहुणा हसला नाही, रागावला नाही. त्याने सेन्योरांकडे पाठ केली आणि परतीच्या वाटेवर त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही. उंच टाचा माशाच्या चिखलात रुतत होत्या. एकीनं वाटेतली टोपली बाजूला घेतली नाही. मी ते सगळं डोळे भरून पाहिलं. तसा आनंद मला पुढे लग्नातही झाला नाही.

तो आनंद पाच दिवस टिकला. दहाव्या दिवशी सकाळी आईनं पाट्यावर मसाला वाटला. संध्याकाळपर्यंत तो आंबला, तिनं टाकून दिला. अकराव्या दिवशी पुन्हा वाटला. दोन बोटी त्याच दिशेनं आल्या, त्यांना आमची बोट दिसली नव्हती. बाराव्या दिवशी वरवंटा वाजला नाही. मी अंथरुणात पडून त्या आवाजाची वाट पाहत होते आणि तो येत नव्हता. शेजारच्या काकू आल्या, बसल्या, गेल्या. मला दुसरं काही सुचेना. सात माणसं आणि माझा बाप, आणि मी मिठाच्या बरणीचं झाकण लावलं होतं. तेराव्या दिवशी आई बाजारात गेलीच नाही. उंबऱ्यावर बसली होती. तिनं मला फक्त एवढं विचारलं, कोन काय बोलला काय बोटीचा? मी म्हटलं, नाही. त्या एका ‘नाही’ची मला जेट्टीवरच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त लाज वाटते.

चौदाव्या दिवशी दुपारी बाबा आले. इंजिन बंद पडलं होतं, बोट वाहत गेली होती, गुजरातकडच्या एका बोटीनं दोर टाकून ओढत आणलं. बर्फ विरघळला, माकूल सगळं दर्यात फेकावं लागलं. माणसं आठही सुखरूप. बाबांनी दारात पाय धुतले. आईनं पाटा मांडला, तेव्हाच वाटलं, तेव्हाच तेलात टाकलं, आणि ते तीन भाकऱ्या खाऊन तिथेच भिंतीला टेकून झोपले. मग मी आईजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, मी बोलले होते. नक्की बोलले होते.

ती भांडी आवरत होती. म्हणाली, “मना म्हायीत हाय. जेट्टीवरच्या बायांनी त्याच दिशी सांगितला. त्या बाईनी तुज्या बापसाला काय बोलवला, ता बी सांगितला.” मी मार खायच्या तयारीनं बसले होते. तिनं हात पुसले. “बरा केलास. मी असते तं टोपली घातली असती तिच्या डोक्यान. पन एक ध्यानान ठेव, जये. बदला घ्याचा तं बोट किनाऱ्याला लागल्याव घ्याचा. बोट दर्यान असताना नाय.” मग तिनं मला मिठाची बरणी दिली. मी मूठभर मीठ चुलीत टाकलं. त्या गुरुवारपासून तिला सगळं माहीत होतं, उंबऱ्यावर मी नाही म्हणाले तरी तिनं मला पकडलं नव्हतं, मी आपणहून सांगायची ती वाट पाहत होती, हे तेव्हा मला कळलं. बाबांना आम्ही दोघींनी कधीच काही सांगितलं नाही.

कारखान्याच्या ऑफिसात शेठनं पुढे मलाच घेतलं. स्पॅनिशमुळे म्हणे, पण मला वाटतं करंजाची जेट्टी आपल्या बाजूनं राहावी म्हणूनच. सेन्योर रामोन पत्राच्या शेवटी नेहमी बाबांची चौकशी करायचा, आणि बोट कधी येईल हे कधीच विचारायचा नाही. सेन्योरांचा क्लास वर्षभरात बंद झाला. पाटी लागली नाही. त्यात माझा हात किती आणि त्यांच्या नशिबाचा किती, ते मी मोजायला बसले नाही, पण कोणी सगळा वाटा मला दिला तर मी घेईन.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. आता रोडपालीला मुलाकडे असतात. आवाज म्हातारा झालाय. कुणाकडून तरी नंबर मिळवला होता. इकडचं तिकडचं बोलल्या, मग म्हणाल्या, “ते जुनं सगळं तू आता विसरली असशील बहुतेक. तूही लहान होतीस, मीही चिडकी होते.” पुढे म्हणाल्या, आज तशी वेळ आली तर दोघींनीही तसं केलं नसतं, नाही का?

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली, आईला सहा. बोट त्याआधीच विकली. माझा नवरा तलाठी कार्यालयात होता, लेक पुण्याला नोकरी करते. मी खिडकीशी उभी होते, समोर भरती लागत होती, आणि त्या पाण्यावर आमचं कोणी नव्हतं.

मी म्हटलं, “मी तेच करीन, सेन्योरा. नक्की.”